पडद्यावरच्या चित्रखुणा

सोलापुरी चादर ज्या घरांत एकदांही आली नाहीं, असें मराठी घर शोधूं गेल्यास बराच प्रवास करावा लागेल. त्या चादरीवरील मोर, कमळ, वेलबुट्टी आपण वर्षानुवर्षें अंगावर घेतों. परंतु ती नक्षी अगदीं नाकापाशीं धरून फारच थोड्यांनीं पाहिली असेल. तशी ती पाहिली म्हणजे एक मौज दिसते. मोराची मान दुरून गोलाकार भासते, पण जवळून तींत एकही गोल रेषा नसते. तेथें असतात त्या केवळ पायऱ्या : एक घर उजवीकडे, दोन घरें खालीं, पुन्हां एक घर उजवीकडे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या जाळ्यांत वर्तुळ काढण्याची दुसरी सोयच नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या लहान लहान चित्रांविषयीं : तीं कोणीं काढलीं, कशासाठीं काढलीं, आणि घरधन्यास तीं आपल्या मनाप्रमाणें बदलण्याचा अधिकार केव्हां व कितपत मिळाला. चादरीपासून आरंभ केला तो गांवाच्या अभिमानामुळें नव्हे. निदान केवळ त्यामुळें नव्हे. त्या चित्रांचें कुळ शोधीत मागें गेलें म्हणजे आपण मागापाशींच येऊन पोहोंचतों.

सोलापुरांत पहिली कापड गिरणी १८७७ सालीं निघाली. पुढें गांवकरी तिला ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. पण चादरीचें नांव देशभर गेलें तें मुख्यतः तेलंगणांतून येथें येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवरून. चादरीवर नक्षी उठते ती ‘जेकार्ड’ नांवाच्या जोडयंत्रानें. फ्रान्सांतील ल्यों शहरच्या जोसेफ मारी झाकार यानें तें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलें. त्याच्या आधीं तिघाचौघांनीं त्याच दिशेनें खटपट केली होती. पण नांव चिकटलें तें झाकारचें, आणि तेंही इंग्रजी उच्चाराच्या वाटेनें आपल्याकडे येतांना जेकार्ड होऊन आलें.

याची रीत थोडक्यांत सांगतों, कारण पुढचें सर्व तिच्यावर अवलंबून आहे. नक्षीकार प्रथम चौकटींच्या कागदावर चित्र काढतो. कागदावरील उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, आणि प्रत्येक घर म्हणजे त्या दोहोंची भेट. घर रंगविलें तर उभा धागा वर यावयाचा, कोरें ठेवलें तर खालीं राहावयाचा. मग एकेका आडव्या ओळीसाठीं पुठ्ठ्याची एकेक पट्टी घेऊन, रंगविलेल्या घराच्या जागीं भोंक पाडावयाचें. पट्ट्या ओळीनें शिवून त्यांची माळ मागावर चढविली म्हणजे, भोंक असेल तेथें सुई आंत शिरते आणि तिच्याशीं जोडलेल्या आंकड्यावरील धागे उचलले जातात. भोंक नसेल तेथें सुई मागें रेटली जाते आणि धागे जागचे हलत नाहींत. मागास मोर ठाऊक नसतो. भोंक आहे कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न.

हा ‘आहे कीं नाहीं’ चा प्रश्नच संगणकाचें बीज होय. लंडनच्या चार्ल्स बॅबेजनें १८३० नंतरच्या दशकांत आपल्या नियोजित गणितयंत्रासाठीं झाकारच्या पट्ट्या उचलल्या. त्याच्यापाशीं झाकारचें रेशमांत विणलेलें एक चित्र होतें, आणि तें विणावयास सुमारें चोवीस हजार पट्ट्या लागल्या होत्या. अमेरिकेंत हर्मन हॉलेरिथनें १८९० च्या खानेसुमारीचे आंकडे भोंकांच्या पुठ्ठ्यांवरून मोजले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही संगणकास काम सांगावयाचें तें पुष्कळदां पुठ्ठ्यावरूनच. म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राची युक्ति गणितानें उसनी नेली; आणि चित्र मात्र मागें राहिलें. संगणक दीर्घकाळ आंकडे आणि अक्षरेंच ओळखीत होता. त्याच्याशीं बोलावयाचें तर आज्ञा पाठ कराव्या लागत, आणि एक अक्षर चुकलें तरी तो ढिम्म हलत नसे.

येथें क्षणभर पडद्यापासून दूर जाऊन बाजारांत यावयास हवें. अक्षर न वाचणाऱ्या मनुष्यास चित्रानें वस्तु ओळखूं देणें ही कांहीं संगणकवाल्यांची कल्पना नव्हे. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरहून येणाऱ्या आणि पुढें मुंबईच्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांचीं तिकिटें चिकटविलेलीं असत. कोणावर देवता, कोणावर हत्ती, कोणावर वाघ. गिऱ्हाईक कंपनीचें नांव विचारीत नसे. तें छाप विचारीत असे. गेल्या खेपेच्या हत्तीनें धोतर दोन वर्षें टिकविलें असेल, तर या खेपेसही हत्तीच हवा. अर्थातच दुसऱ्यानें तसलाच हत्ती काढून हलकें कापड विकण्याचा धंदाही जन्मास आला. अशा लबाडीच्या बंदोबस्तासाठीं हिंदुस्थानांत १८८९ सालीं व्यापारी खुणांचा कायदा करावा लागला.

तीच गोष्ट मतदानाची. १९५१ च्या खानेसुमारींत साक्षरता शंभरांत अठराच्या आसपास होती, आणि त्याच हिवाळ्यांत सतरा कोटींहून अधिक मतदारांना मतपत्रिका द्यावयाची होती. तेव्हां प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावलें. चिन्ह बदलणें किती जड असतें, हेंही मग देशानें पाहिलें : काँग्रेसची बैलजोडी १९७१ सालीं गाय-वासरू झाली आणि १९७८ सालीं हात. प्रत्येक वेळीं खेड्यापाड्यांतून नवी खूण लोकांच्या मनांत नव्यानें रुजवावी लागली. चित्र ही वाचतां न येणाऱ्याची अक्षरओळख असते. तें बदललें म्हणजे तो मनुष्य एका दिवसांत पुन्हां निरक्षर होतो. हें वाक्य कृपा करून लक्षांत ठेवावें. मला त्याचा प्रत्यय घरच्या अंगणांत आला, तो शेवटीं सांगणार आहें.

आतां पडद्याकडे वळूं. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ या अभ्यासकानें १९७५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत, संगणकांतील वस्तूंना चित्ररूप द्यावें आणि त्या चित्रास ‘आयकॉन’ म्हणावें, असें मांडलें. हा शब्द पूर्वेकडील ख्रिस्ती देवळांतल्या पवित्र चित्रांचा. म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर देव्हाऱ्यांतील तसबिरींचा. हेच स्मिथ पुढें झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ नामक यंत्राच्या कामांत होते. १९८१ सालीं तें यंत्र बाजारांत आलें. त्याच्या पडद्यावर कचेरींतील मेज मांडलें होतें : कागद, कागद ठेवावयाची फाईल, टपालाची टोपली. ज्यास आज आपण डेस्कटॉप म्हणतों, त्याचा अर्थ मेजाचा पृष्ठभाग एवढाच आहे.

या यंत्राच्या कर्त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनीं चित्रांचे एक नव्हे, चार संच निरनिराळ्या हातांकडून काढून घेतले आणि ते सामान्य माणसांपुढें ठेवले. हें काय वाटतें? यांतून टोपली चटकन् शोधा पाहूं! असें विचारून, ज्यांत लोक कमी घोटाळले त्या संचाकडे ते वळले. कोपरा दुमडलेला कागद, जो आज जगांतील प्रत्येक पडद्यावर दिसतो, तो नॉर्मन कॉक्स या चित्रकारानें याच यंत्रासाठीं घडविला. यंत्र मात्र चाललें नाहीं. किंमतच सोळा हजार डॉलरांच्या घरांत; कोण घेणार?

लोकांच्या घरांत चित्रें नेलीं तीं ॲपल कंपनीच्या मॅकिंतोश यंत्रानें, १९८४ च्या जानेवारींत. तीं काढलीं सूझन केअर या बाईंनीं. कलेच्या इतिहासांत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली होती. संगणकाचें शिक्षण शून्य. कामाची चाचणी देतांना त्यांनीं दुकानांतून चौकटींची वही विकत आणली आणि बत्तीस घरें रुंद, बत्तीस घरें उंच अशा चौकोनांत घरें रंगवून चित्रें केलीं. एकूण एक हजार चोवीस घरें. रंगविलें तर काळें, कोरें ठेवलें तर पांढरें. सोलापूरच्या कोणत्याही जुन्या नक्षीकारानें ती वही हातीं घेतली असती तर त्यास नवल वाटलें नसतें; उलट ‘एवढ्याशा घरांत काय भागणार’ म्हणून तो हंसला असता. केअरबाईंनींही पुढें सांगितलें आहे कीं, भरतकाम आणि रंगीत खड्यांची नक्षी ज्यास येते, त्यास ही कला निराळी शिकावी लागत नाहीं. कचऱ्याचा डबा, हंसरा संगणक, यंत्र बिघडलें म्हणजे दिसणारा वातीचा बाँब, हीं सारीं त्यांचीं अपत्यें. आज्ञेच्या कळीवर त्यांनीं चार कोपऱ्यांना वेटोळीं असलेला चौकोन घातला. ठिपक्यांच्या रांगोळींत शोभावा असा. तो स्वीडनमध्यें प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठीं रस्त्याकांठीं लावतात. त्यांच्या त्या वहीचीं पानें आतां न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें जपून ठेवलीं आहेत.

येथवर चित्र काढणारा एक आणि पाहणारा दुसरा. तिसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : पाहणाऱ्यानें तें बदलण्याचा.

प्रारंभीं तें चोरवाटेनेंच होई. मॅकिंतोशवर जाणकारांसाठीं केलेल्या एका साधनानें कार्यक्रमाच्या पोटांत शिरून त्याचें चित्र घरागणिक खोडतां येई. १९९१ सालच्या सुधारणेनें ही वाट सरकारी रस्त्यासारखी मोकळी केली : वस्तु निवडावी, तिच्या माहितीचा फलक उघडावा, त्यांतील चित्रावर बोट ठेवून दुसरें चित्र चिकटवावें, झालें. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्यें १९९० च्या आवृत्तीपासून कार्यक्रमाचें चित्र बदलतां येत असे (तेथीलही अनेक चित्रें केअरबाईंच्याच हातचीं), आणि १९९२ च्या आवृत्तीबरोबर तर फावल्या चित्रांची एक पोतडीच मिळाली. पण १९९५ च्या ऑगस्टमध्यें जो नवा पडदा आला, त्यावरील मुख्य मंडळी, म्हणजे ‘माय कॉम्प्युटर’ आणि ‘रिसायकल बिन’, सहजासहजीं वेष बदलीत नसत. त्यासाठीं निराळें विकत मिळणारें पुरवणी-साहित्य घ्यावें लागे, नाहींतर यंत्राच्या अंतर्गत नोंदवहींत हात घालावा लागे, जें काम दुबळ्या छातीच्या माणसाचें नव्हे. १९९८ च्या आवृत्तींत ती सोय पडद्याच्या मांडणीच्या फलकावरच आली. आजही ती आहे; मात्र तीनचार फलक उघडल्यावांचून तिचें दर्शन घडत नाहीं. कचऱ्याच्या डब्यास दोन चित्रें द्यावीं लागतात, एक रिकाम्याचें आणि एक भरल्याचें. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा डबा कायमचा भरलेला किंवा कायमचा रिकामा दिसूं लागतो, आणि मग यंत्र बिघडल्याची हाकाटी होते.

मराठी घरांत या सोयीचें मोल अधिक होतें, कारण चित्राखालचा मजकूर बहुधा इंग्रजीच असे. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीबरोबर देवनागरीचा ‘मंगल’ हा टंक आला. तो आपल्या र. कृ. जोशी यांनीं घडविलेला. तेव्हांपासून चित्राखालीं ‘आजोबांचीं छायाचित्रें’ असें शुद्ध मराठींत लिहिणें साधारण माणसाच्या आटोक्यांत आलें. नांव आपलें आणि चित्रही आपलें, असा दुहेरी योग तोपर्यंत आला नव्हता.

पुढें मात्र पारडें फिरलें. २००७ सालीं आलेल्या आयफोनवर प्रत्येक चित्र कंपनीनें ठरवावें तसेंच. धन्यानें फक्त जागा बदलावी. मॅकिंतोशच्या २०१५ नंतरच्या आवृत्त्यांत यंत्राबरोबर येणाऱ्या कार्यक्रमांस कुलूप लागलें, त्यांत त्यांचीं चित्रेंही बंद झालीं. लोकांची हौस मात्र दबली नाहीं. २०२० सालीं आयफोनवर एका आडवाटेनें चित्रें बदलतां येतात असें कळतांच, घरीं कोंडलेल्या तरुण मंडळींनीं आपापले पडदे पार बदलून टाकले.

कंपन्यांच्या बाजूनें एक सबळ मुद्दा आहे, आणि तो हत्तीच्या छापाचाच आहे. चित्र बदलतां येतें म्हणजे चोरासही तें बदलतां येतें. एखादा घातक कार्यक्रम साध्या पत्राच्या कागदाचें चित्र पांघरून टपालानें येतो. नांवाचा शेवटचा भाग यंत्रानें झांकलेला असतो. आणि आपण पत्र समजून चोरास दार उघडतों. अशानें कित्येक घरांचें नुकसान झालें आहे. चादरीस भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळाल्यावरही परगांवच्या मालावर सोलापूरचें नांव लावण्याची प्रवृत्ति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस खुणेच्या पावित्र्याचें महत्त्व सांगावयास नको. तथापि खोटा छाप मारणें निराळें आणि आपल्या घरच्या डब्यावर आपली खूण करणें निराळें. वाण्यानें पुडीवरचें नांव बदलूं नये हें खरें. पण पुडी घरीं आल्यावर हळदीच्या डब्यावर गृहिणीनें काय चिकटवावें, हें वाण्यानें कां ठरवावें? कुलूप लावतांना कंपन्यांनीं हा भेद पुरतेपणीं पाहिलेला नाहीं, असें माझें मत आहे.

आतां ती अंगणांतली गोष्ट. आमच्या शेजारीं एक वृद्ध आजी राहतात. त्यांचे यजमान चादरीच्या कारखान्यांत नक्षीचे कागद रंगवीत, आणि पुठ्ठ्यांस भोंकें पाडण्याच्या कामीं आजींचाही हात असे. घरची भाषा तेलुगु, बाजारची मराठी. इंग्रजी अक्षराशीं ओळख नाहीं. नातू परदेशीं नोकरीस गेला तेव्हां त्यानें घरीं संगणक मांडून दिला, आणि दर रविवारीं पडद्यावर एकमेकांचीं तोंडें पाहात बोलणें व्हावें असें ठरलें. पहिल्याच रविवारीं आजींनीं मला हांक मारली. “मास्तर, हितं सगळे निळे डबेच हायत की. त्यातला माझा कुठला?”

खरोखरच एका आकाराचे, एका रंगाचे पांचसहा चौकोन ओळीनें बसले होते. मी म्हणालों, तुम्हांस हवें तें चित्र तेथें लावूं, काय लावूं? क्षणाचाही विचार न करतां त्या म्हणाल्या, मोर. मीं चौकटींचा कागद पुढें ठेवला आणि बत्तीस घरांची मर्यादा सांगितली. त्यांनीं चष्मा लावला, पेन्सिलीनें घरें मोजलीं आणि मान हलविली. पिसारा मांडला तर डोकें मावेना. डोकें नीट काढलें तर पाय बाहेर जात. मी एकेक पीस वाचविण्याच्या खटपटींत होतों. आजींनीं कागद माझ्या हातून घेतला. “पिसं मोजू नका, मास्तर. तुरा ठेवा. तुऱ्यावरनं मोर कळतो.” पाय गेले, पिसाऱ्याचे तीन डोळे उरले, तुऱ्याचीं तीन घरें राहिलीं, आणि मोर झाला. तो यंत्रांत घालून त्या चौकोनावर बसविला, आणि खालीं नातवाचें नांव घातलें. पुढें आठनऊ महिने दर रविवारीं मोरावर बोट आणि समोर नातू.

मग एका रविवारीं दुपारीं त्या दारांत उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. “मास्तर, माझा मोर कुठं गेला?” रात्रींतून त्या कार्यक्रमाची नवी आवृत्ति आपोआप येऊन बसली होती. तिनें जुनी खूण काढून टाकून कंपनीची नवी खूण मांडली, नांवही कंपनीचेंच घातलें. आजी सकाळीं दहापासून पडद्यापुढें बसून होत्या. तिकडे नातू वाट पाहून कामावर निघून गेला होता. यंत्र बिघडलें नव्हतें, तार तुटली नव्हती; कोणीं कांहीं वाईट केलें असेंही म्हणतां येईना. केवळ एक चित्र बदललें होतें, आणि दोन घरांमधला रस्ता बंद झाला होता.

मीं मोर परत बसविला तेव्हां नवी अडचण निघाली. आतांशा पडद्यांवर चित्रें मोठीं दिसतात. विंडोजमध्यें २००७ पासून दोनशें छप्पन्न घरांच्या चौकोनाची सोय आहे. बत्तीस घरांचा मोर यंत्रानें ताणून मोठा केला, आणि ताणतांना कडा पुसट केल्या. तुरा धुक्यांत गेल्यासारखा झाला. म्हणून आम्ही पुन्हां कागद घेतला. दोनशें छप्पन्नास बत्तिसानें भागलें कीं आठ येतात, तेव्हां आजींचें प्रत्येक घर आठ गुणिलें आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचें केलें. पायऱ्या स्वच्छ उठल्या. या खेपेस त्या कार्यक्रमाच्या खुणेस हात न लावतां, मोराची निराळी खूण त्या यंत्राच्या दुसऱ्या जागीं ठेवली, जेथें नवी आवृत्ति येऊन ती पुसूं शकणार नाहीं, आणि तेथून ती पडद्यावर आणली. आजींनीं मान मागें घेऊन दुरून पाहिलें, मग नाक पडद्यापाशीं नेऊन पाहिलें. “आता बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता चादरीवरचा दिसतोय.” नातवास हांक लागावयास तेथील रात्र उलटावी लागली, तोंवर त्या तेथेंच खुर्ची ओढून बसल्या.